पामीर जिंकणारा, दरबारात हरलेला सेनापती

गिलगिटच्या उत्तरेला, यासीन खोऱ्याच्या माथ्यावर दारकोट खिंड आहे. उंची सुमारे ४,७०० मीटर, आणि वाट हिमनद्यांवरून जाते. इ.स. ७४७ च्या उन्हाळ्यात तांग साम्राज्याची फौज ही खिंड ओलांडून खाली उतरली. १९०६ मध्ये संशोधक ऑरेल स्टाइन तिथे पोहोचला, तेव्हा चिनी इतिवृत्तातले वर्णन तिथल्या भूगोलाशी तंतोतंत जुळले. हॅनिबल आणि नेपोलियन यांनी आल्प्स ओलांडला, त्याहूनही ही कामगिरी त्याला मोठी वाटली.

या फौजेचा सेनापती होता गाओ शियानझी. तो मूळचा चिनी नव्हता. त्याचे घराणे कोरियातल्या गोगुर्यो राज्याचे. वडील तांगांच्या पश्चिम सरहद्दीवर अधिकारी होते आणि गाओ त्याच छावण्यांत वाढला. कुचा इथल्या ठाण्याचा सुभेदार फुमेंग लिंगचा याने त्याचे गुण हेरून त्याला वर आणले.

तिबेटने लग्नसंबंध जोडून 'लहान बलूर', म्हणजे आजचा यासीन-गिलगिटचा मुलूख, आपल्या गोटात ओढला होता. त्यामुळे आसपासच्या वीसेक राज्यांनी तांगांना नजराणे पाठवणे थांबवले. आधीच्या मोहिमा फसल्यावर गाओला दहा हजारांची फौज मिळाली. पायदळातल्या शिपायांकडेही स्वतःचे घोडे होते. तीन महिन्यांहून अधिक कूच करून, वाटेत फौजेचे तीन भाग करून, त्याने वाखानमध्ये तिबेटी किल्ल्यासमोर ते पुन्हा एकत्र आणले. तारयंत्र नसलेल्या काळातली ही जुळणी मला लढाईपेक्षाही मोठी वाटते. प्रत्येक शिपायाला तीन दिवसांचा कोरडा शिधा देऊन त्याने पहाटे नदी ओलांडली आणि किल्ला घेतला.

सम्राटाचा निरीक्षक म्हणून सोबत आलेला खोजा बियान लिंगचेंग पुढे जायला घाबरला. गाओने त्याला तीन हजार अशक्त शिपायांसह किल्ल्यावर ठेवले. दारकोटच्या माथ्यावरून खालचा उतार पाहून बाकीच्यांचेही पाय अडखळणार, हे त्याने आधीच ओळखले होते. वीस स्वारांना त्याने स्थानिक वेशात पुढे धाडले. ते शरण आलेल्या गावकऱ्यांसारखे परत आले आणि तिबेटी कुमक जिथून येऊ शकत होती तो पलीकडचा पूल तोडल्याचे सांगू लागले. फौजेला धीर आला आणि ती उतरली. प्रत्यक्षात पूल शाबूत होता. गाओच्या माणसांनी तो तोडला आणि त्याच संध्याकाळी तिबेटी कुमक पलीकडच्या काठावर येऊन थबकली. बलूरचा राजा आणि त्याची तिबेटी राणी कैद झाली.

विजयाची खबर गाओने परस्पर दरबारात धाडली, म्हणून फुमेंगने त्याला शिवीगाळ करून मारण्याची धमकी दिली. तेव्हा त्याची बाजू सम्राटाकडे मांडली ती याच बियानने. गाओ स्वतः सुभेदार झाला.

त्यानंतरचा गाओ मात्र माफ करता येत नाही. ७५० मध्ये तह करून त्याने ताश्कंदशी दगा केला, शहर लुटले आणि सोने-रत्ने स्वतःकडे ठेवली. तिथल्या राजाचा तांगांच्या राजधानीत, चांगआनमध्ये, शिरच्छेद झाला. राजपुत्राने मध्य आशियातल्या राज्यांना आणि अरबांना चेतवले. ७५१ मध्ये तलास नदीकाठी अरबांशी लढताना गाओच्या बाजूचे कार्लुक तुर्क ऐनवेळी उलटले आणि गाओची फौज उद्ध्वस्त झाली. तिथल्या चिनी कैद्यांनी समरकंदला कागद बनवायला शिकवले, ही कथा लोकप्रिय आहे. पण त्या परिसरात कागद आधीपासून वापरात होता.

७५५ च्या अखेरीस तांगांचाच सेनापती आन लुशान याचे बंड उसळले. लुओयांग शहर बंडखोरांच्या हाती पडल्यावर, त्यांना अडवायला नेमलेल्या गाओने उघड्या मैदानातून माघार घेतली, कोठारातला साठा सैनिकांत वाटला, उरलेला जाळला आणि राजधानीचे दार असलेली तोंग खिंड धरली. हा निर्णय योग्य होता. पण बियानचे आणि त्याचे आता बिनसले होते. माघार घेतल्याचा आणि शिधा हडपल्याचा आरोप करून बियानने सम्राटाकडून हुकूम आणला. माघारीचा दोष गाओने स्वीकारला, शिधाचोरीचा आरोप नाकारला. त्याच्यावर अन्याय होतोय, असा सैनिकांनी आकांत केला. तरी ७५६ च्या जानेवारीत त्याचा आणि त्याचा सहकारी फेंग चांगचिंग याचा शिरच्छेद झाला.

त्याच्या जागी आलेल्या गेशू हानलाही खिंडीतच बसून राहायचे होते. दरबाराने त्याला मैदानात उतरायला भाग पाडले. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात त्याची फौज बुडाली, तोंग खिंड पडली आणि सम्राट श्वानझोंग चांगआन सोडून पळाला.