हरणांची शिंगे: आनुवंशिकता, चारा आणि कळपाची दाटी

भिलाईच्या मैत्री बागेत हरणांच्या कुंपणापाशी उभे राहिलात, तर कोणत्या नराची शिंगे मोठी आहेत हे तुम्ही सहज सांगाल. ती मोठी का झाली, याचे उत्तर मात्र एका नजरेत मिळत नाही.

चितळ, सांबर व बारशिंगा यांची शिंगे हाडाची असतात. ती गळून पडतात आणि पुन्हा नव्याने उगवतात. काळविटाची शिंगे मात्र कायमची असतात. वाढत्या शिंगावर रक्तवाहिन्यांनी भरलेली मखमली त्वचा असते. ही वाढ इतकी झपाट्याने होते की लागणारे कॅल्शियम व फॉस्फरस काही अंशी बरगड्यांसारख्या हाडांतून घेतले जाते. ही उसनवारी पुढे चाऱ्यातून फेडावी लागते. चारा अपुरा असेल, तर शरीर आधी जगण्याची गरज भागवते; शिंगांच्या वाट्याला उरलेले येते.

आता घनतेचा विचार करा. कुरण तेवढेच राहून हरणे वाढली, तर प्रत्येकाच्या वाट्याचा चारा घटतो. स्कॉटलंडमधील रम बेटाच्या उत्तर भागात 1970 च्या दशकाच्या सुरुवातीस लाल हरणांची शिकार थांबवली गेली. कळप वाढला आणि नरांची शिंगे सरासरीने लहान होत गेली. शिंगांचा आकार तेथे आनुवंशिक असल्याचे दिसले होते, तरीही असे घडले. म्हणजे शिंगे लहान झाली याचा अर्थ वाण बिघडला, असा लगेच काढू नये.

आपल्याकडचे उदाहरण घ्या. छत्तीसगडच्या सीमेलगतच्या कान्हा येथे 1970 मध्ये बारशिंगे सुमारे 66 उरले होते. संरक्षित आवार आणि कुरणांची जपणूक यांमुळे ते वाचले. अशा ठिकाणी केवळ संख्या मोजून भागत नाही. वाढलेल्या कळपाला गवत पुरते का, हेही पाहावे लागते. शिंगांचा आकार त्याची एक खूण ठरू शकतो. मात्र तुलना समवयस्क नरांचीच करावी, कारण वयानुसारही शिंगे वाढतात.

स्वाध्याय: प्राणिसंग्रहालयात चारा बाहेरून पुरवला जातो. मग तेथील शिंगांवरून जंगलातील घनतेबद्दल अनुमान काढता येईल का? कारणासह लिहा.