वाळूचा राजवाडा

धरमशाळेच्या विहारात रंगीत वाळूचे मंडल प्रथम पाहिले, तेव्हा मला ती रांगोळीच वाटली. भिक्षू ओणवे होऊन, धातूच्या निमुळत्या नळ्या घासत कण न् कण सोडीत होते. पण रांगोळी दाराबाहेरची. हा तर चार दारांचा राजवाडा, वरून पाहिलेला! साधक डोळे मिटून तो मनात उभा करतो, आत शिरतो, मधल्या देवतेशी एकरूप होतो. कालचक्र-मंडलात अशा ७२२ देवता! मला वर्गातली सत्तर नावे लक्षात राहत नाहीत.

अखेरीस एका वृद्ध लामांनी वज्राने त्यावर रेघ ओढली. ‘अहो, थांबा!’ असे अगदी ओठांवर आले होते. पण मनातला राजवाडाही शेवटी शून्यात विरवायचाच असतो. वाळू वाहत्या पाण्यात सोडली. चिमूटभर मला मिळाली. घरी पुडी उघडली, तर सारे रंग मिसळून राखाडी झालेले.