बेण्याचा कोयता आणि दाताची पक्कड



या पानावर आम्ही नेहमी बेणे, खत, पाण्याच्या पाळ्या आणि खोडव्याची निगा यांवर लिहितो. या खेपेला विषय दाताचा आहे. शेतकी खात्याचा आणि दाताचा काय संबंध, असे कोणी विचारील. तो संबंध आमच्या एका वयस्क सभासदानेच आम्हाला दाखवून दिला.

गेल्या हंगामात एका बेणे मळ्यात तोड चालू होती. तोडणीवाल्याचा कोयता दुसऱ्या फडातून सरळ आलेला दिसला. आम्ही काम थांबवले, बादलीत जंतुनाशकाचे पाणी करायला लावले आणि कोयता त्यात बुडवूनच पुढची तोड करू दिली. मुकादम कुरकुरला, पण आम्ही ऐकले नाही. खोडवा खुरटवणारा रोग कोयत्याच्या पात्यावरून एका उसातून दुसऱ्या उसात जातो, हे आपण सर्व जाणतो.

त्याच आठवड्यात आमची दाढ ठणकू लागली. तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात गेलो. गर्दी होती. आमच्या आधीच्या माणसाची दाढ काढून झाली. पक्कड नळाखाली धुतली गेली, फडक्याने पुसली गेली आणि परत ट्रेमध्ये ठेवली गेली. आमच्या डोळ्यांदेखत. मग आमचा नंबर आला, आणि आम्ही मुकाट्याने तोंड उघडले.

पुढे बांधावर बसल्या बसल्या ही हकिगत सांगितली, तेव्हा तो सभासद म्हणाला, "सायेब, बेण्यासाठी मुकादमाशी भांडलात, अन् सोताच्या तोंडासाठी एक शबुद नाही?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. डॉक्टरांना काय वाटेल, ही भीड. दुसरे काही नाही. त्या भिडेपायी पुढे दोनदा रक्त तपासून घ्यावे लागले, एकदा लगेच आणि एकदा काही महिन्यांनी. मधल्या काळात घरी कोणाला धड झोप नव्हती. तपासणी चांगली निघाली. पण ते आमचे नशीब. त्यात दवाखान्याच्या शिस्तीचा काही वाटा नाही.

नुसते धुणे का पुरत नाही

दाताच्या कामात रक्त येतेच. त्यातून कावीळ ब, कावीळ क आणि एच.आय.व्ही. या रोगांचे विषाणू अवजारावर येऊ शकतात. कावीळ ब चा विषाणू वाळलेल्या रक्तातही निदान सात दिवस जिवंत राहतो. डोळ्यांना पक्कड चकचकीत दिसते, पण कोयताही चकचकीतच दिसतो!

बेणे आपण 54 अंश सेल्सिअसच्या बाष्पयुक्त गरम हवेत अडीच तास ठेवतो, कारण कांडीचा डोळा जगवायचा आणि रोग मारायचा असतो. पकडीला डोळा नाही. तिला खुशाल कडक उष्णता देता येते. पाणी 100 अंशांवर उकळते, पण काही जिवाणूंची बीजे त्या उकळीतही तगून राहतात. म्हणून दवाखान्यात वाफेच्या दाबावर चालणारे यंत्र लागते. त्याला ऑटोक्लेव्ह म्हणतात. कारखान्याचा बॉयलर पाहिलेल्यांना हे वेगळे सांगायला नको: दाब वाढला की वाफेचे तापमान वाढते. चौरस इंचाला 15 पौंड दाब दिला की ते 121 अंशांवर जाते. आपला घरचा कुकरही साधारण याच दाबावर शिट्टी देतो. यंत्रात 121 अंशांवर 15 ते 30 मिनिटे, किंवा 134 अंशांवर तीन-चार मिनिटे अवजार राहिले पाहिजे.

त्यात दोन पथ्ये आहेत. अवजार आधी घासून स्वच्छ करायचे, कारण वाळलेल्या रक्ताखाली वाफ पोहोचत नाही. आणि मध्येच वीज गेली, तर वेळ पुन्हा पहिल्यापासून मोजायची. आपल्या भागात वीज कशी जाते ते सर्वांना ठाऊक आहे. जनित्र किंवा इन्व्हर्टर हा दवाखान्याचा थाट नव्हे, ती गरज आहे.

वाणियंबाडीची गोष्ट

कोणी म्हणेल, आमच्या आजोबांनी बाजारात बसून दात काढून घेतले, काय झाले? तर ऐका. तमिळनाडूत तिरुपत्तूर जिल्ह्यात वाणियंबाडी नावाचे गाव आहे. 2023 च्या सुमारास तिथल्या भागात मेंदूला सूज येऊन माणसे दगावू लागली. वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज, चेन्नईची राष्ट्रीय साथरोगविज्ञान संस्था आणि तिथले आरोग्य खाते यांनी माग काढला. दहा रुग्ण एकाच दंत दवाखान्यात जाऊन आलेले निघाले, आणि त्यांतले आठ मरण पावले. हा अहवाल 2025 साली प्रसिद्ध झाला.

कारण काय निघाले? सलाईनची बाटली. दात-हिरड्या धुण्यासाठी वापरायची ती बाटली दाताच्याच एका अवजाराने उघडलेली, तोंडाला कापसाचा बोळा लावून ठेवलेली, आणि तीच एकामागून एक रुग्णांना वापरलेली. त्या बाटलीत मेलिऑइडोसिस या रोगाचा जिवाणू सापडला. हा जिवाणू मुळात माती-पाण्यात राहणारा, भाताच्या खाचरांतून आढळणारा. चिखलातला जिवाणू बाटलीच्या उघड्या तोंडातून माणसाच्या मेंदूपर्यंत गेला. थोड्या सलाईनची काटकसर, आणि आठ जीव!

खुर्चीवर बसण्याआधी

खालील मुद्दे कापून घरात लावून ठेवावेत.

1. भिंतीवर डॉक्टरांची पदवी आणि राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक आहे का ते पाहा. कायद्याप्रमाणे नोंदणीशिवाय दाताचा व्यवसाय करता येत नाही. आठवडी बाजारात तारेने आणि प्लॅस्टिकच्या मसाल्याने 'फिक्स दात' बसवून देणाऱ्यांच्या नादी लागू नका. तो दात घासता येत नाही, खाली हिरडी सडते आणि शेजारचे चांगले दातही जातात.

2. अवजारे बंद पाकिटातून आपल्यासमोर काढली जातात का ते पाहा. पाकिटावर उष्णतेने रंग बदलणारी खूण असते. रंग बदललेला असावा.

3. सुई आणि सिरिंज नवी, आपल्यासमोर फोडलेली असावी. भुलीच्या औषधाच्या बाटलीत खुपसून ठेवलेली सुई दिसली, तर उठून या.

4. हातमोजे आपल्यासाठी नवे घातलेले असावेत. त्याच मोज्यांनी फोन उचलला, ड्रॉवर उघडला, तर बदलायला सांगा.

5. सलाईनची बाटली नवी आहे का, ते विचारा.

6. वापरलेल्या सुया पांढऱ्या टणक डब्यात आणि रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत जातो का ते पाहा. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी हे बंधन घातले आहे. गावाच्या उकिरड्यावर सुया पडल्या, तर त्या आपल्याच लेकरांच्या आणि तोडणी मजुरांच्या पोरांच्या पायात जातात.

आपलेही काही कर्तव्य आहे. साखरेचा आजार, रक्तदाब, हृदयाचे ऑपरेशन, रक्त पातळ करायची गोळी, किंवा बाई गरोदर असेल तर तेही, काही लपवू नका. दाढ काढल्यावर कापसाची घडी अर्धा तास घट्ट दाबून धरा, थुंकत बसू नका, आणि तंबाखू-मिश्रीला हात लावू नका.

डॉक्टरांचीही बाजू

पाकिटे, मोजे, नव्या सुया, यंत्राची वीज या सगळ्याला पैसा पडतो. "अमक्याकडे पन्नास रुपये कमी घेतात" अशी घासाघीस आपणच करतो. स्वस्त बेण्याच्या मागे लागलेल्याचे पुढे काय होते, हे आम्ही या पानावर वेळोवेळी लिहिले आहे. ज्याला खासगी खर्च झेपत नाही त्याने जिल्हा रुग्णालयात विचारणा करावी. परभणीत सरस्वती धन्वंतरी दंत महाविद्यालय आहे, छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. तिथे शिकणाऱ्यांच्या हाताखालून, पण शिक्षकांच्या नजरेखाली काम होते.

आमचा दुसरा अनुभवही सांगतो. उरलेल्या उपचारासाठी आम्ही दुसऱ्या दवाखान्यात गेलो. या वेळी जीव मुठीत धरून विचारलेच, "डॉक्टर, अवजारे यंत्रातून काढलेली आहेत ना?" डॉक्टरीण बाई रागावल्या नाहीत. उलट आम्हाला आत नेऊन यंत्र दाखवले, तारखेनिशी नोंदवही दाखवली आणि म्हणाल्या, "असं सगळ्यांनी विचारलं, तर आमचीही शिस्त टिकते." आम्ही निम्मे आयुष्य बांधावर हेच सांगत फिरलो. आपल्या वेळी मात्र विसरलो होतो.

चांगल्या डॉक्टरला प्रश्नाचा राग येत नाही. ज्याला येतो, त्याच्या खुर्चीवर न बसणे बरे. बेणे बिघडले तर एक हंगाम जातो. रक्त बिघडले तर दुसरी लागण नाही. तेव्हा भीड सोडा, विचारा, आणि मगच तोंड उघडा.

आपला,
ऊस विकास अधिकारी