संदर्भनिर्देशाच्या पद्धती आणि जुन्या मराठीचा अभ्यास

प्रबंधात संदर्भ कसा द्यावा हा प्रश्न विद्यार्थी केवळ सोयीचा समजतात. वस्तुतः तो पुराव्याचा प्रश्न होय. सांप्रत तीन पद्धती विशेष रूढ आहेत. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेची पद्धती कंसात लेखकाचे आडनाव व प्रकाशनवर्ष देते. मॉडर्न लँग्वेज असोसिएशनची आडनाव व पृष्ठांक देते. शिकागो पद्धतीच्या दोन शाखांपैकी एक टीपांचा अवलंब करते. विज्ञानात संशोधन किती ताजे हे कळणे अगत्याचे असल्याने तेथे वर्षास अग्रस्थान मिळाले.

आता ज्ञानेश्वरीतील एखाद्या क्रियारूपाचा दाखला घेऊ. ग्रंथाची रचना शके १२१२ ची, म्हणजे इ. स. १२९० ची, वि. का. राजवाडे यांनी संपादिलेली प्रत १९०९ ची. ‘(ज्ञानदेव, १९०९)’ एवढेच लिहिल्यास तेराव्या शतकातील रूप विसाव्या शतकाच्या नावे जमा होते. ‘१२९०/१९०९’ असे लिहिण्याची मुभा आहे. परंतु त्यानेही संपादक कळत नाही. नुसता पृष्ठांक दुसरी प्रत बाळगणाऱ्या वाचकास निरुपयोगी ठरतो. अध्याय व ओवी सांगितली तरी पाठभेदाने रूप पालटते, आणि ओव्यांचे क्रमांकही सर्व प्रतींत जुळत नाहीत.

म्हणून जुन्या ग्रंथाच्या प्रथम उल्लेखास तळटीप देऊन संपादक व प्रकाशनवर्ष नोंदवावे. पुढे मजकुरातच अध्याय-ओवी द्यावी. आधुनिक ग्रंथांस लेखक-वर्ष पद्धती पुरेशी आहे. नियम कोणताही पाळला, तरी परीक्षकास ते रूप त्याच प्रतीत, त्याच ओवीत सापडले पाहिजे. एरवी त्यावर उभारलेला निष्कर्ष निराधार ठरतो.