चिरा लहान झाला, प्रश्न तोच राहिला

तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले. पुढे बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत रसायने, पोलाद आणि कापडाचे कारखाने उभे राहिले. ड्रम ढकलणे, तागे उचलणे, पाळी सुटल्यावर खड्ड्यांतून मोटारसायकल हाकणे, हे सगळे कंबरेच्या वाट्याला आले. पालघर तालुक्यात त्याआधीपासून भातलावणीचे वाकणे आणि सातपाटीच्या मासळीची ओझी होतीच. कंबरदुखी इथे जुनी आहे. गेल्या नव्वद वर्षांत बदलला तो तिच्यावरचा उपचार.

मणक्यांमधली गादी फाटून तिचा मऊ गाभा नसेवर दाबला की पायात कळ उतरते, हे बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी १९३४ मध्ये शस्त्रक्रियांच्या आधारे मांडले. तेव्हा पाठीवर लांब चिरा घेऊन, स्नायू हाडापासून सोडवून आत जावे लागे. १९७७ च्या सुमारास यासरगिल आणि कास्पर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली हेच काम लहान चिऱ्यातून केले. आपल्याकडे, मुंबईच्या शीव रुग्णालयात काम केलेले मूळ गोव्याचे डॉ. प्रेमानंद रामाणी यांच्यामुळे मणक्याची शस्त्रक्रिया मराठी वाचकांच्या ओळखीची झाली. १९९७ मध्ये फोली आणि स्मिथ यांनी स्नायू न कापता, त्यांचे तंतू बाजूला सारून नळीतून गादीपर्यंत जाण्याची पद्धत मांडली. आता दुर्बिणीतून सेंटिमीटरभराच्या छिद्रातूनही हे काम होते.

मग लहान चिरा म्हणजे चांगला निकाल का? नेदरलँड्समध्ये ३२८ रुग्णांवर नळीची पद्धत आणि सूक्ष्मदर्शकाची नेहमीची पद्धत ताडून पाहिली, तेव्हा २००९ च्या अहवालात नळी सरस ठरली नाही. तिथल्याच २०२२ च्या अभ्यासात दुर्बिणीची पद्धत उघड्या शस्त्रक्रियेहून कमी पडत नाही, एवढे दिसले. रक्त कमी जाते, घरी लवकर जाता येते, हे फायदे खरे आहेत. पण ज्याला ऑपरेशनची गरजच नव्हती, त्याला बारीक छिद्रानेही गुण येत नाही.

गरज ठरवताना एमआरआय एकटा पुरत नाही. १९९४ मध्ये अमेरिकेत कंबर न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय काढले, तर निम्म्याहून अधिक जणांची किमान एक गादी फुगलेली निघाली. ‘मणक्यात गॅप आहे’ हे शब्द ऐकून ऑपरेशनची तारीख घेणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. २००७ च्या डच अभ्यासात दीड ते तीन महिने तीव्र सायटिका, म्हणजे पायात उतरणारी कळ, भोगलेल्यांचे दोन गट केले: एकाचे लवकर ऑपरेशन, दुसऱ्याने आधी थांबून पाहायचे. लवकर ऑपरेशन झालेल्यांची कळ लवकर थांबली, पण वर्षअखेरीस दोन्ही गटांतले सुमारे ९५ टक्के बरे होते. थांबलेल्या गटातल्या ३९ टक्क्यांना मात्र पुढे ऑपरेशन करावेच लागले.

कंबरेपेक्षा पाय जास्त दुखतो, तपासणीत सापडलेली नस आणि एमआरआयमधली जागा जुळते, दीड-दोन महिने औषधे आणि व्यायाम करूनही उतार नाही, आणि दोष एका-दोन गाद्यांपुरता आहे, अशा रुग्णाला लहान चिऱ्याचे ऑपरेशन सहसा मानवते. नुसती कंबरदुखी असेल तर फायदा थोडा. कणा बराच वाकडा झाला असेल किंवा मणके अनेक ठिकाणी अस्थिर असतील, तर मोठा चिरा अनेकदा टळत नाही. लघवी-संडासवरचा ताबा सुटला, जांघेत बधिरपणा आला किंवा पाऊल लुळे पडू लागले, तर वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

पालघर २०१४ मध्ये जिल्हा झाला, तरी मोठ्या उपचारांसाठी इथले रुग्ण आजही मुंबईची गाडी पकडतात, नाहीतर वापी-सिल्वासा गाठतात. म्हणून ठरवण्याआधी डॉक्टरांना चार प्रश्न विचारा: आणखी थांबलो तर काय बिघडेल? ही पद्धत तुम्ही नेहमी करता का? फेरतपासणी आणि व्यायाम गावाजवळ होईल का? ओझ्याच्या कामावर कधी परतता येईल? ईएसआय किंवा महात्मा फुले योजनेत हे ऑपरेशन बसते का, तेही आधीच पाहा. या प्रश्नांना सरळ उत्तरे मिळाली नाहीत आणि वरची धोक्याची लक्षणे नसतील, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या.