पहिले ४८ तास

२००९ साली स्वाइन फ्लूची जागतिक साथ आली, तेव्हा अमेरिकेच्या लोकसंख्येत गरोदर बायका जेमतेम १ टक्का होत्या. साथीतल्या मृत्यूंमध्ये मात्र त्यांचा वाटा सुमारे ५ टक्के निघाला. वाढतं गर्भाशय श्वासपटलाला वर ढकलतं, फुप्फुसांना पसरायला जागा कमी उरते आणि प्राणवायूची गरज तर वाढलेली असते. त्यात रोगप्रतिकारशक्तीही बदललेली.

ऑसेल्टामिव्हिर हे फ्लूवरचं औषध लक्षणं दिसल्यापासून पहिल्या ४८ तासांत दिलं तर सर्वांत गुणकारी ठरतं. म्हणून संशय आला की गोळी सुरू करायची, घशाच्या स्वॅबच्या अहवालासाठी थांबायचं नाही. प्रसूतितज्ज्ञांचा हात अडखळतो तो इथेच. तिसरा महिना चालू असलेली बाई समोर बसलेली असते, अंगात १०२ ताप, आणि सासूबाई विचारतात, “बाळाला काही होणार नाही ना, डॉक्टर?” प्रश्न रास्तच आहे. पण न उतरलेला ताप आणि न्यूमोनिया बाळाला औषधापेक्षा कितीतरी घातक, हे डॉक्टरांनी ठामपणे सांगायलाच हवं.

मृत विषाणूंपासून केलेली फ्लूची लस गरोदरपणात कोणत्याही महिन्यात घेता येते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पुढच्या तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांना तिच्याबद्दल जरूर विचारा.