व्हिडिओ गेमचा लखलखाट आणि फिट

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत बारा वर्षांच्या एका मुलाला पालक घाबऱ्याघुबऱ्या माझ्या दवाखान्यात घेऊन आले. टीव्हीला जोडलेला व्हिडिओ गेम खेळता खेळता तो कोसळला आणि हातपाय झटकू लागला. घरच्यांनी कांदा हुंगवला, दातखीळ सोडवायला तोंडात चमचा घातला. एक दात मात्र तुटला.

असे का होते? वेगाने लुकलुकणारा प्रकाश काहींच्या मेंदूला सोसत नाही. अपस्माराच्या 100 रुग्णांत असे साधारण 3 असतात, त्यांत मुले व तरुण अधिक. जपानमध्ये 16 डिसेंबर 1997 रोजी 'पोकेमॉन' कार्टूनमधील लाल-निळा लखलखाट पाहून सहाशेहून अधिक जणांना रुग्णालयात न्यावे लागले. त्यांत बहुतेक मुलेच होती.

नव्या यंत्राची जाहिरात वेग आणि चित्राच्या झगमगाटाची असते. डॉक्टर म्हणून माझी मागणी वेगळी आहे. सेकंदाला तीनपेक्षा अधिक वेळा होणारा लखलखाट यंत्रानेच मंद करावा, ही सोय पहिल्यापासून चालू असावी आणि धोक्याची सूचना मराठीतही असावी.

तोपर्यंत पालकांनी एवढे करावे. खोलीत दिवा लावावा, मुलांना पडद्यापासून दूर बसवावे, जागरण झाले असता खेळू देऊ नये. लखलखाटाने अस्वस्थ वाटल्यास एक डोळा तळहाताने झाकून तोंड फिरवावे.

फिट आल्यास रुग्णाला कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये. पाच मिनिटांत फिट न थांबल्यास ताबडतोब रुग्णालय गाठावे. पहिलीच फिट असेल तर ती थांबली तरी डॉक्टरांना दाखवावेच.